बांधलेला सूर, सुटलेला श्वास
आशा पुथली यांच्या पहिल्या स्वतंत्र अल्बमविषयी : प्रस्तावना

१९७२च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने ऑर्नेट कोलमन यांची ‘सायन्स फिक्शन’ ही रेकॉर्ड बाजारात आणली. मुक्त जॅझचा प्रणेता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सॅक्सोफोनवादकाची तबकडी सुरू होते एका गाण्याने, आणि ते गाणं गायलं आहे मुंबईहून न्यूयॉर्कला आलेल्या आशा पुथली यांनी. पुढच्याच वर्षी, १९७३मध्ये, याच कंपनीने सीबीएस या आपल्या परदेशातल्या नावाखाली त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम युरोपात काढला. अल्बमचं नाव नुसतं ‘आशा पुथली’. त्यात जॅझ म्हणून ओळखू यावं असं फार थोडं आहे. जॉर्ज हॅरिसनचं गाणं आहे, जे. जे. केलची गाणी आहेत, बिल विदर्सचं गाणं आहे. मागे व्हायोलिनांचा ताफा आहे, आणि या सगळ्यातून वाट काढणारा एक आवाज आहे. तो कधी कुजबुजतो, कधी खुदकन हसतो, कधी शब्द अर्धाच सोडून नुसत्या उसाशावर ओळ संपवतो.

या दोन तबकड्यांमध्ये नेमकं काय घडलं, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याचं एक तयार उत्तर संगीताच्या जगात नेहमीच हाताशी असतं: प्रयोग करून पोट भरत नाही, म्हणून कलावंत लोकप्रियतेकडे वळतो. या उत्तरात थोडं तथ्य आहे. कंपनीला रेकॉर्डी विकायच्या होत्या, आणि मुक्त जॅझचा खप किती असतो हे कंपनीच्या हिशेबनिसाला पुरेपूर माहीत होतं. पण दोन्ही रेकॉर्डी कान देऊन ऐकल्या की या उत्तराचं समाधान टिकत नाही. ज्या तबकडीच्या नावाभोवती मुक्ततेचं वलय आहे, त्या तबकडीत आशा पुथली अतिशय बांधून गातात. आणि जी तबकडी बाजारासाठी केली, तिच्यात त्या मोकळ्या सुटतात. पुढची सगळी प्रकरणं या एका निरीक्षणाभोवती उभी आहेत. ते पटण्यासाठी आधी थोडी मागची गोष्ट सांगायला हवी, आणि ती मुंबईतून सुरू होते.

मुंबईत जॅझ आला तो हॉटेलांतून. १९३५ साली लिऑन ॲबी या आफ्रिकन-अमेरिकन वादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यानंतर टेडी वेदरफोर्डसारखे पियानिस्ट आले, आणि त्यांच्या शेजारी बसून गोव्याच्या वादकांनी हे संगीत आत्मसात केलं. चर्चच्या शाळांमध्ये स्वरलिपी शिकलेले हे लोक ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन अशी वाद्यं लीलया हाताळत. अंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतले एक. मुंबईने त्यांना ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखलं. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत हिंदी चित्रपटांचं पार्श्वसंगीत असा या मंडळींचा दिनक्रम होता. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अलबेला’ (१९५१)च्या गाण्यांत स्विंगची जी मौज आणली, तिच्यामागे हेच हात होते. ‘अलबेला’त तर चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांची रया गेली, तसे आणखी वादक स्टुडिओंकडे वळले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ट्रम्पेटवादक ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना या नाइटक्लबांत वाजवणाऱ्या-गाणाऱ्या जोडीने जॅझची जाण कोंकणी गाण्यांत ओतली आणि ती गाणी गोव्यात घराघरांत पोचली.

हा तपशील एवढ्यासाठी सांगायचा की जॅझ आणि लोकप्रिय गाणं यांच्यामध्ये न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी जी भिंत मानली, ती मुंबईत कधी उभीच राहिली नाही. इथे एकच माणूस दोन्हीकडे वाजवत होता आणि त्यात कुणाला पाप वाटत नव्हतं. १९५८ साली डेव्ह ब्रुबेक मुंबईत आले, १९६३ साली ड्यूक एलिंग्टन भारतात येऊन गेले. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरून विलिस कॉनोव्हर यांच्या कार्यक्रमात रोज रात्री जॅझ ऐकू येई, आणि त्याच रेडिओ संचावर सुई थोडी सरकवली की सिलोनवरची फिल्मी गाणी लागत. १९४५ साली जन्मलेल्या आशा पुथली यांचे कान या शहरात तयार झाले. त्या हिंदुस्थानी गायन शिकल्या, पाश्चात्त्य ऑपेराचे धडे घेतले आणि मुंबईच्या जॅझ मैफलींत गाऊ लागल्या.

त्यांचं सुरुवातीचं ध्वनिमुद्रणही लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९६८ साली ‘द सर्फर्स’ या बँडबरोबर त्यांनी एक छोटी तबकडी केली. तिचं नाव ‘एंजल ऑफ द मॉर्निंग’, म्हणजे त्या वेळी पाश्चात्त्य रेडिओवर गाजत असलेल्या एका पॉप गाण्याचं नाव. ‘जॅझ गायिका पॉपकडे वळली’ हा क्रम त्यामुळे मुळातच लंगडा पडतो. पॉप त्यांच्याकडे आधीपासून होतं. मधे जॅझचा एक झळाळता टप्पा आला, आणि तो इतका झळाळता होता की नंतर लिहिणाऱ्यांनी तोच आरंभ मानला.

तो टप्पा कसा आला याची हकिगत कादंबरीला शोभेल अशी आहे. न्यूयॉर्कला पोचायचं तर पैसे हवेत आणि कारणही हवं. आशा पुथली यांनी ब्रिटिश विमान कंपनीत हवाई सुंदरीची नोकरी धरली. पुढे मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यसंस्थेची शिष्यवृत्ती मिळाली आणि अमेरिकेत राहण्याची सोय झाली. दरम्यान ‘न्यूयॉर्कर’चे लेखक वेद मेहता मुंबईत त्यांना ऐकून गेले होते. १९७०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या त्यांच्या ग्रंथात मुंबईच्या जॅझविषयी लिहिताना त्यांनी या तरुण गायिकेबद्दल लिहिलं. ते जॉन हॅमंड यांच्यापर्यंत पोचलं. बिली हॉलिडे, काउंट बेसी, अरीथा फ्रँकलिन आणि बॉब डिलन यांना हेरणारा हा कोलंबियाचा माणूस. एका पुस्तकातल्या मजकुरावरून गायिका शोधून काढणं त्याच्या स्वभावाला धरूनच होतं. कोलमनना आपल्या नव्या रेकॉर्डसाठी आवाज हवा होता. हॅमंड यांनी आशा पुथली यांना त्यांच्याकडे पाठवलं.

ऑर्नेट कोलमन यांचा इथे थोडा परिचय हवा. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा हा वादक १९५९ साली प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेऊन न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ या क्लबात आला आणि जॅझचं जग दुभंगलं. तोवरचा जॅझ कितीही धीट असला तरी गाण्याच्या पायाशी स्वरसंगतींचा एक ठरलेला क्रम फिरत असे आणि एकल वादकाला त्या चक्रातच आपली वाट शोधावी लागे. कोलमननी ते चक्र सोडून दिलं. धून वाजवायची, आणि मग त्या धुनेचा भाव धरून ज्याने त्याने जिकडे जावंसं वाटेल तिकडे जायचं. कुणी याला दैवी म्हटलं, कुणी भोंदूगिरी. १९७१च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘सायन्स फिक्शन’चं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा त्यांच्याभोवती डॉन चेरी, ड्यूई रेडमन, चार्ली हेडन, बिली हिगिन्स, एड ब्लॅकवेल असे जुने-नवे साथीदार होते.

आशा पुथली यांनी त्यात दोन गाणी गायली: ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ आणि ‘ऑल माय लाइफ’. दोन्ही गाणी कोलमननी स्वतः लिहिलेली, स्वरबद्ध केलेली. खाली ड्रम आणि बास उकळत असतात. ठेका असा काही धरता येत नाही. त्यावर सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट एक संथ धून घेऊन येतात आणि गायिका त्याच धुनेवर, त्या वाद्यांच्या खांद्याला खांदा लावून चालते. एकेक स्वर लांबवायचा, पुढच्या स्वरावर सावकाश घसरत जायचं, आणि हे सगळं वाद्यांच्या श्वासाबरोबर. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला या घसरण्यात मींड ऐकू येते. कोलमनची धून पियानोच्या पट्ट्यांमध्ये बसत नाही; ती दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेतही थांबते. अशा धुनेला पाश्चात्त्य तालमीतल्या बहुतेक गायिका बिचकल्या असत्या. इथे तो आवाज न डगमगता नेमक्या ठिकाणी उभा राहतो. ‘डाउनबीट’ मासिकाच्या समीक्षकांनी या गाण्याची दखल घेतली ती योग्यच होती.

पण या गाण्यात गायिकेला स्वातंत्र्य किती आहे? भोवतालचा प्रत्येक वादक मोकाट आहे, आणि मधोमध एकटी गायिका लिहून दिलेली ओळ धरून आहे. तिने ती सोडली तर गाणंच उरणार नाही. तान नाही, शब्दांशी खेळ नाही, लय मागेपुढे करणं नाही, कारण मागेपुढे व्हायला ठरलेली लयच नाही. सगळी वादळं ज्याच्याभोवती फिरतात तो खांब होण्याचं काम या आवाजाला मिळालं होतं आणि ते त्याने उत्तम निभावलं. त्यात जराही उणेपणा नाही. मात्र या गायिकेत एक खट्याळ, नाटकी, चंचल बाजू होती. तिला त्या दोन गाण्यांमध्ये पाऊल ठेवायलाही जागा नव्हती.

यात तंत्राचाही भाग होता आणि तो समजून घेतला की पुढचं कोडं बरंच सुटतं. जॅझची रीत अशी की सगळे एका खोलीत बसून एकत्र वाजवतात. पितळी वाद्यं आणि ड्रम जोरात चालू असताना गायिकेला पूर्ण गळ्यानेच गावं लागतं. तिथे कुजबुज ऐकू येणार नाही. पॉपच्या स्टुडिओत सत्तरच्या दशकापर्यंत बहुमार्गी ध्वनिमुद्रण रुळलं होतं. वादक आधी वाजवून जात, आणि गायिका नंतर एकटी काचेच्या खोलीत, मायक्रोफोनला ओठ टेकवून गाऊ शके. तिचा श्वास, हसणं, ओठांचा चटका हे सगळं त्या फितीवर उमटे. हवं तर तोच आवाज पुन्हा स्वतःवर चढवता येई. ज्या बारकाव्यांना मैफलीत कुणी ऐकलं नसतं, ते आता गाण्याचे अलंकार होऊ शकत होते.

मुंबईच्या श्रोत्याला हे परकं वाटू नये. १९७१च्याच ‘कॅरव्हान’मध्ये आशा भोसले आणि राहुलदेव बर्मन यांनी हेलनवर चित्रित झालेल्या एका गाण्यात श्वासालाच तालवाद्य करून टाकलं होतं. धाप लागल्यासारखे ते उच्छ्वास ठेक्यात बसवले आहेत. ते काढून घेतले तर गाण्याचा कणाच मोडेल. एक आशा ताडदेव-महालक्ष्मीच्या स्टुडिओंत जे करत होती, ते दुसरी आशा युरोपात करणार होती. दोघींनी एकमेकींचं ऐकून हे केलं असा माझा दावा नाही. दोन्ही ठिकाणी मायक्रोफोनने एकच दार उघडलं होतं आणि आत शिरायला धिटाई लागत होती, एवढंच मला म्हणायचं आहे.

१९७३च्या अल्बमची निर्मिती डेल न्यूमन यांनी केली. कॅट स्टीव्हन्स आणि एल्टन जॉन यांच्या गाण्यांना तंतुवाद्यांचा साज चढवणारे हे संगीत संयोजक. एल्टन जॉनचा ‘गुडबाय यलो ब्रिक रोड’ त्याच वर्षीचा. डेव्हिड बोवीचा ‘अलॅडिन सेन’ही १९७३चाच. लंडनच्या पॉपमध्ये तेव्हा चमचमते कपडे, रंगवलेले चेहरे आणि अंतराळातल्या पाहुण्यासारखा आव यांचं वारं वाहत होतं. गाणं म्हणजे गायकाचं खरंखुरं आत्मकथन, हा साठच्या दशकातला आग्रह सैल पडला होता आणि गायकाने एखादं पात्र रंगवावं, सोंग घ्यावं, हे मान्य झालं होतं. नाच शिकलेल्या, ऑपेरा शिकलेल्या, रंगमंचाची हौस असलेल्या गायिकेला याहून सोयीचा काळ मिळाला नसता.

अल्बममधलं सर्वांत विक्षिप्त गाणं म्हणजे ‘आय डिग लव्ह’. मूळ गाणं जॉर्ज हॅरिसनच्या १९७०च्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’मधलं, तिथलं जरा दुय्यमच, साध्या पियानोच्या चढत्या-उतरत्या स्वरांवर बेतलेलं. इथे त्याचं सोंगच पालटतं. बुडबुडे फुटावेत तसे आवाज, लाडिक हसू, डुलणारी गिटार, आणि त्यावर गायिका शब्द असे काही टाकते की त्यांचा अर्थ गौण होतो आणि नादच गाणं चालवतो. यात थट्टा आहे, शृंगार आहे आणि दोन्ही एकमेकांच्या आड लपलेले आहेत. जे. जे. केलचं ‘राइट डाउन हिअर’ वेगळ्या वाटेने जातं. ओक्लाहोमाच्या या गायक-गिटारवादकाची गायकी म्हणजे खुर्चीत मागे रेलून पुटपुटल्यासारखी. आशा पुथली यांनी तो निवांतपणा राखला, पण त्यात एक मांजरीची चाल आणली. शब्द ठोक्यानंतर किंचित उशिरा पडतो, मग पुढचा शब्द घाईने येऊन हिशेब पुरा करतो. ठोक्याच्या मागे रेंगाळण्याची ही कला बिली हॉलिडेकडून साऱ्या जॅझ गायिकांनी घेतली. ‘सायन्स फिक्शन’मध्ये ठोकाच नव्हता, त्यामुळे ही कला दाखवायला वावच नव्हता. पॉपच्या सरळसोट ठेक्याने तो दिला. सरळ रेघ असली तरच तिच्यापासून किती हटलो ते दिसतं.

इथे पुस्तकाचं मध्यवर्ती म्हणणं पुरेसं स्पष्ट व्हावं. जॅझमधून पॉपमध्ये आल्यावर आशा पुथली यांनी जॅझ टाकून दिला नाही. लयीशी खेळणं, आवाजाचं वाद्य करणं, दुसऱ्याचं गाणं घेऊन ते ओळखू येणार नाही इतकं आपलं करणं, हे सारं जॅझ गायिकेचं काम त्यांनी पॉपच्या मैदानात केलं. रागदारी ऐकणाऱ्याला यात नवल वाटू नये. बंदिश कुणाची आहे यापेक्षा गाणाऱ्याने तिचं काय केलं याला आपण अधिक मोल देतो.

आणखी एका कारणाने हा अल्बम धीट आहे. १९६५ साली बीटल्सच्या गाण्यात सतार वाजली, १९६७मध्ये पंडित रविशंकर मॉन्टेरे महोत्सवात गाजले आणि पाश्चात्त्य पॉपमध्ये भारताचं एक चित्र पक्कं झालं: उदबत्ती, ध्यान, सतार, शांत डोळे. भारतातून आलेल्या कलावंताने या चौकटीत बसावं अशी बाजाराची अपेक्षा असणं साहजिक होतं. आशा पुथली यांनी साध्वीऐवजी मोहिनी व्हायचं ठरवलं, आणि त्यासाठी गाणं निवडलं तेही नेमकं हॅरिसनचं, म्हणजे भारताच्या आध्यात्मिक प्रतिमेचा सर्वांत निष्ठावान भक्त असलेल्या माणसाचं. यामागे हेतू होता की योगायोग हे ठरवायची गरज नाही. परिणाम मात्र मार्मिक आहे. भक्ताच्या गाण्यातली खोडकर बाजू भारतीय गायिकेने बाहेर काढली.

गौरवाच्या भरात अल्बमच्या मर्यादा झाकायला नकोत. सगळी गाणी सारख्या तोलाची नाहीत. न्यूमन यांची व्हायोलिनं काही ठिकाणी इतकी दाट होतात की आवाजाला कोपऱ्यात उभं राहावं लागतं. बिल विदर्सचं ‘लेट मी इन युअर लाइफ’ गायलं आहे सुरेख, पण मूळच्या साधेपणातली कळ तिथे पोचत नाही. काही संथ गाण्यांत गायिका आणि निर्माता यांचं नक्की काय करायचं हे ठरलेलं नसावं असं वाटत राहतं. पहिल्या अल्बममध्ये एकाच वेळी दहा वाटा चोखाळून पाहण्याची जी अधीरता असते, ती इथे आहे. त्यानंतर आलेल्या ‘शी लव्ह्ज टू हिअर द म्युझिक’मध्येही ती पुरती शमलेली नाही.

शमली ती १९७६च्या ‘द डेव्हिल इज लूज’मध्ये. जर्मन निर्माते डीटर झिमरमन यांच्याबरोबर केलेल्या या अल्बममध्ये सजावट कमी झाली, बास गिटार पुढे आली आणि आवाजाला हवी तेवढी मोकळी हवा मिळाली. त्यातलं ‘स्पेस टॉक’ हे गाणं न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्क्युसो यांच्या ‘द लॉफ्ट’ या खाजगी नृत्यमेळ्यात पुन्हा पुन्हा वाजू लागलं. १९७०पासून चालू असलेल्या या मेळ्याने डिस्कोच्या आवडीनिवडी घडवल्या. तिथे गाणं यशस्वी ठरत असे ते विक्रीच्या यादीमुळे नव्हे, तर रात्री उशिरा नाचणाऱ्यांनी ते पुन्हा मागितल्यामुळे. डीजेंच्या खोक्यांतून ही रेकॉर्ड फिरत राहिली आणि १९९७ साली ‘द नोटोरियस बी.आय.जी.’ या रॅपरच्या ‘लाइफ आफ्टर डेथ’मध्ये तिचा तुकडा येऊन बसला. मुंबईत कान तयार झालेली गायिका, जर्मन निर्माता, न्यूयॉर्कचे नाचणारे आणि ब्रुकलिनचा रॅपर अशी ही साखळी. २०२२मध्ये ‘मिस्टर बाँगो’ या ब्रिटिश कंपनीने त्यांच्या गाण्यांचं संकलन काढलं तेव्हा ती ऐकणाऱ्यांत या गाण्यांच्या जन्मानंतर जन्मलेलेच बरेच असणार.

आता ‘वळली’ या आरोपाकडे पुन्हा पाहू. तो जुना आहे. नॅट किंग कोल हे अव्वल जॅझ पियानोवादक. १९५०मध्ये ‘मोना लिसा’ गाजलं आणि पियानो सोडून गाणं धरल्याबद्दल जॅझप्रेमींनी त्यांना कायमचं सुनावलं. गिटारवादक जॉर्ज बेन्सन यांना १९७६च्या ‘ब्रीझिन’नंतर तेच ऐकावं लागलं. आपल्याकडेही ही सीमा जागती असते. किशोरी आमोणकर यांनी १९६४च्या ‘गीत गाया पत्थरों ने’साठी गायलं, आणि मग चित्रपटगायनापासून त्या दूरच राहिल्या, १९९०च्या ‘दृष्टी’ने त्या चित्रपटाकडे परतल्या ते संगीतकार म्हणून. उच्च कलेतून लोकप्रियतेकडे जाणं म्हणजे उतरणं, ही धारणा इतकी खोल आहे की उतरल्यावर कलावंताला काय सापडलं हे पाहायचं आपण विसरतो.

अलीकडे मात्र हे दार दोन्ही बाजूंनी उघडं राहू लागलं आहे. पंडित रविशंकर यांची कन्या नोरा जोन्स यांनी २००२मध्ये ‘ब्लू नोट’ या जॅझच्या मातब्बर कंपनीसाठी ‘कम अवे विथ मी’ केला आणि २०१२मध्ये ‘डेंजर माउस’ या निर्मात्याबरोबर ‘लिटल ब्रोकन हार्ट्‌स’ हा धूसर, विजेच्या वाद्यांचा पॉप अल्बम केला. बासवादक-गायिका एस्पेरांझा स्पाल्डिंग यांनी २०१६च्या ‘एमिलीज डी+इव्होल्यूशन’मध्ये एमिली नावाचं पात्र धारण करून रॉकच्या अंगाने, तिरकस लयींची गाणी केली, सहनिर्माते होते बोवीचे टोनी व्हिस्कॉन्टी. या दोघींच्या अल्बमांवर वाद झाले तरी ‘जॅझ सोडला’ असा शोक फारसा झाला नाही. आशा पुथली यांनी १९७३ साली ज्या दारातून पाऊल टाकलं, तिथे त्या वेळी स्वागताला कुणी उभं नव्हतं.

या पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. पहिला भाग मुंबईच्या जॅझचा आहे. त्यात हॉटेलं आणि चित्रपटांचे स्टुडिओ यांचं नातं तपशिलात येतं. दुसरा भाग ‘सायन्स फिक्शन’मधल्या दोन गाण्यांचं ओळीओळीने केलेलं वाचन आहे. तिसरा आणि सर्वांत मोठा भाग १९७३च्या अल्बमला दिला आहे. प्रत्येक गाण्याचं मूळ रूप आणि आशा पुथली यांचं रूप शेजारी ठेवून. शेवटचा भाग त्या गाण्यांच्या पुढच्या प्रवासाचा. संगीतशास्त्राची परिभाषा जिथे टाळता आली तिथे टाळली आहे. ठेका, ठोका, मींड, जागा हे शब्द मराठी कानांना पुरेसे आहेत आणि जॅझचं बोलणंही त्यांतून करता येतं, हे लिहिताना उमगत गेलं. चरित्र लिहिण्याचा हा प्रयत्न नाही. व्यक्तिगत आयुष्याचा उल्लेख गाण्यावर उजेड पडण्यापुरताच येतो.

वाचकांना एक विनंती आहे. पुस्तक वाचण्यापूर्वी दोन्ही रेकॉर्डी ऐकाव्यात, आणि इतिहासाच्या उलट क्रमाने ऐकाव्यात: आधी १९७३ची, मग १९७२ची. इतिहासाच्या क्रमाने ऐकलं की उंचावरून खाली आल्याचा भास होतो, कारण आपण तसंच ऐकायला शिकलो आहोत. उलट क्रमाने ऐकताना आधी त्या आवाजाच्या खोड्या कळतात, तो किती रूपं घेऊ शकतो ते कळतं. मग कोलमनच्या गाण्यात तोच आवाज एका ओळीवर स्थिर उभा राहिलेला ऐकू येतो, आणि त्याने त्या वेळी स्वतःचं काय काय आवरून धरलं होतं याचा अंदाज येतो. ती शिस्त किती मोठी होती हे मोकळेपणाची ओळख झाल्याशिवाय समजत नाही. पॉपच्या अल्बमने जॅझच्या त्या दोन गाण्यांची किंमत कमी केली नाही. ती मोजायचं माप दिलं.